शहाजीचा भाऊ शरीफजी

वांद्र्याहून लोकलने अंधेरीला गेलं, तर तिथे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे. शहाजी हे नाव महाराष्ट्रात गावोगाव सापडतं. पण त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं नाव, शरीफजी, आज कुणी मुलाला ठेवलेलं ऐकिवात नाही.

मालोजीराजे आणि उमाबाईंना मूल होत नव्हतं. अहमदनगरच्या (आजचं अहिल्यानगर) शाह शरीफ या पीराला नवस केला आणि दोन मुलगे झाले, असं परंपरा सांगते. पीराचं नाव दोघा भावांत वाटलं गेलं. ‘शाह’ फारसी, म्हणजे राजा. ‘शरीफ’ अरबी, म्हणजे कुलीन. दोन्हींना आपला मराठी ‘जी’ लागला.

१६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत निजामशाहीकडून लढताना शरीफजी मारले गेले. शहाजीराजे शिवरायांचे वडील म्हणून घराघरांत पोहोचले. शरीफजी पुस्तकात राहिले.

आता ‘शहाजी’ म्हटलं की मराठा आणि ‘शरीफ’ म्हटलं की मुसलमान, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. म्हणून उर्दूच्या तासाला ‘शरीफ’चा अर्थ सांगताना मी शरीफजी भोसल्यांचं नाव आवर्जून घेतो. एकाच पीराच्या नावाचे हे दोन भाग. ते ज्यांनी ठेवले, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.