मधुमेह आणि दिनचर्या : बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात काय पाळावे?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त भागाचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी साखर कारखान्यांची रांगच या दोन तालुक्यांत उभी राहिली. पुढे औद्योगिक वसाहत आली, शिक्षणसंस्था आल्या, हाती पैसा आला. या समृद्धीबरोबर जगण्याची रीतही बदलली. शेतावर पायी जाणारा शेतकरी मोटारसायकलवर आला आणि विहिरीवरचा पंप मोबाईलवरून सुरू होऊ लागला. शरीराला मिळणारे अन्न वाढले, पण त्याला पडणारे कष्ट घटले. मधुमेहाला पोषक जमीन तयार होते ती नेमकी अशीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरांत अधिक असले, तरी पूर्वमधुमेहाच्या बाबतीत शहर आणि खेडे यांच्यात जवळजवळ फरक आढळला नाही. ‘हा शहरी, श्रीमंत माणसांचा आजार’ ही समजूत त्यामुळे आता टिकणारी नाही.

सडपातळ माणसालाही धोका

आपण जाड नाही, म्हणजे आपल्याला मधुमेह होणार नाही, असे अनेकांना वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे वजनाने लहान होती. परंतु त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली!

म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकेच महत्त्व कंबरेच्या घेराला आहे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर ती सावध होण्याची सूचना समजावी.

निदान कसे होते?

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह मानला जातो. लक्षणे नसतील, तर चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची अवस्था होय. ती बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते.

दिनचर्या बदलून खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात सुमारे सात टक्के घट या उद्दिष्टांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या अभ्यासात (२००६) ही घट २८.५ टक्के होती. म्हणजे मेटफॉर्मिन या औषधाने साधलेल्या घटीच्या बरोबरीची. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन लक्षणीयरीत्या घटविणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षभरानंतर औषधांविना मर्यादेत राहिली. मात्र हे सारे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबत आहे. पहिल्या प्रकारात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तेथे इन्शुलिनला पर्याय नाही आणि ते एक दिवसही बंद करता येत नाही.

चहा, रस आणि गूळ

दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर ४० ते ५० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम. पाहुणचाराचा चहा नाकारणे आपल्याकडे अवघड. पण ‘बिनसाखरेचा द्या’ असे म्हणण्यात संकोच कसला?

गूळ नैसर्गिक असल्याने चालतो, हा ऊसपट्ट्यातील सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. गुळात थोडे लोह व क्षार असले, तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. पेलाभर उसाच्या रसातही २५ ते ३० ग्रॅम साखर असते. फळे मात्र सरसकट वर्ज्य नाहीत. इंदापूर भागात मिळणारा पेरू किंवा डाळिंब बेताने, फोडी किंवा दाणे चावून खावे. रस काढून पिऊ नये.

ताटात काय असावे?

अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे यांचे आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भाताचे, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातील बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, भिगवणच्या बाजारातील उजनीचे मासे, घरची मेथी आणि शेपू हे सारे या ताटात सहज बसते. पांढऱ्या भातापेक्षा भाकरीत तंतुमय भाग अधिक असतो हे खरे. तथापि भाकरी म्हणजे पिष्टमय पदार्थच. ‘भाकरी चालते’ म्हणून चार खाल्ल्या, तर साखर वाढणारच.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांनी साखर वेगाने चढते. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धतही अलीकडे लोकप्रिय आहे. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असा बदल किंवा कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. कारले, जांभळाच्या बियांची पूड किंवा मेथीदाणे औषधांची जागा घेऊ शकत नाहीत.

चालणे आणि झोप

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फेरी मारल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. स्नायूंना ताकद देणारा व्यायामही आठवड्यातून दोनदा हवा.

झोपेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. गळीत हंगामात कारखान्यातील रात्रपाळी, शेतीला रात्री मिळणारी वीज आणि त्यासाठी दारे धरायला जाणारा शेतकरी यांची झोप मोडते. अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि भूकही वाढते. रात्रपाळी टळत नसेल, तर दिवसा सलग झोप घ्यावी, जेवणाच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवाव्यात आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून पाळीनुसार ठरवून घ्याव्यात.

वारीतील पावले जपा

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने जाते. मधुमेही वारकऱ्यांचा खरा धोका पायांत असतो. मज्जातंतूंना इजा झाली की बोचलेला काटा किंवा तापलेला डांबरी रस्ता जाणवत नाही. लहानसा फोड चिघळतो आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. म्हणून अनवाणी चालू नये. सवयीची, मऊ पादत्राणे व सुती मोजे वापरावेत. मुक्कामी पोचल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. स्वतःला दिसत नसतील, तर सोबत्याला पाहायला सांगावे. फोड फोडू नये, डॉक्टरांना दाखवावा. इन्शुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, उन्हापासून दूर ठेवावे.

दिवसभराच्या चालीत साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

नियमित तपासणी

एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी, तर डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, रक्तातील चरबी आणि पाय यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. रक्तदाब प्रत्येक भेटीत पाहिला जावा. तंबाखू पूर्णपणे सोडावी. साखर मर्यादेत आली म्हणून औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

यांतले काहीही खर्चिक नाही. पण घरातील एकाच माणसासाठी वेगळा चहा आणि वेगळे ताट हा प्रकार फार दिवस टिकत नाही. मधुमेह आनुवंशिकतेनेही येतो. त्यामुळे रुग्णाच्या निमित्ताने साऱ्या घराने सवयी बदलल्या, तर त्याचा लाभ पुढच्या पिढीलाही मिळेल.