प्रवाळ मत्स्यालय : पोषक द्रव्यांची चाचणी आणि नियंत्रण

प्रतिनिधी, ठाणे

उल्हास नदीच्या पात्रात मोहने परिसरात पसरणारी जलपर्णी कल्याणकरांच्या परिचयाची आहे. सांडपाण्यातून येणारी नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषक द्रव्ये तिच्या वाढीस कारणीभूत ठरतात. घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातही हीच द्रव्ये साचतात. तेथे जलपर्णीऐवजी खडकांवर शेवाळ माजते आणि त्याखाली प्रवाळ गुदमरतात. मात्र ही द्रव्ये पूर्णपणे संपली, तरीही प्रवाळ तग धरत नाहीत. म्हणूनच ती शून्यावर न आणता ठरावीक मर्यादेत स्थिर राखणे आवश्यक असते.

द्रव्ये येतात कोठून?

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. खडकांवरील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया अत्यंत विषारी असतो. नायट्रेट सौम्य, परंतु साचत जाणारे असते. फॉस्फेट मुख्यत: खाद्यातून येते आणि खडक व वाळूत शोषले जाते.

प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. या शैवालास नत्र व स्फुरद न मिळाल्यास प्रवाळ फिकट पडतो. फॉस्फेट फार वाढल्यास त्याच्या चुनखडीच्या सांगाड्याची वाढ खुंटते. घरगुती टाकीत नायट्रेट दर लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

चाचणी कशी करावी?

टेस्ट किट खाऱ्या पाण्यासाठी चालणारे आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे आधी पाहावे. काचनळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळून घ्यावी. द्रावणाची बाटली नीट हलवावी व घड्याळ लावून सांगितलेला वेळ थांबावे. रंग दिवसाच्या उजेडात जुळवावा. चाचणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी आणि खाद्य देण्यापूर्वी करावी.

एककाकडेही लक्ष द्यावे. काही किट नायट्रेटऐवजी केवळ त्यातील नत्र मोजतात. तो आकडा ४.४३ने गुणल्यावर नायट्रेट मिळते. स्फुरद मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा ३.०७ने गुणावा लागतो. अनपेक्षित आकडा आल्यास उपाय करण्यापूर्वी चाचणी पुन्हा करावी.

नळाचे पाणी चालेल का?

ठाण्याला मुख्यत: भातसा-उल्हास खोऱ्यातून, कल्याण-डोंबिवली महापालिकेला उल्हास नदीतून, तर डोंबिवलीच्या एमआयडीसी भागाला बारवी धरणातून पाणी मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. म्हणजेच माणसासाठी निर्धोक असलेले पाणी प्रवाळासाठी अयोग्य असू शकते. शिवाय त्यात क्लोरिन असतो. घरातील आरओ यंत्रही पुरेसे नाही, कारण अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात. आरओनंतर डीआय राळेतून गाळलेले, टीडीएस शून्य दाखवणारे पाणी वापरावे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी याच गोड्या पाण्याने भरून काढावी, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

प्रमाण वाढल्यास

सर्वप्रथम खाद्य कमी करावे, गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी फेकून द्यावे आणि स्किमर स्वच्छ करावा. दहा टक्के पाणी बदलल्याने ४० मिलिग्रॅम नायट्रेट केवळ ३६वर येते. त्यामुळे एका बदलाने निराश होऊ नये, तसेच घाईने निम्मे पाणीही बदलू नये. वेगळ्या कप्प्यात वाढवलेले शैवाल ठरावीक काळाने कापून काढल्यास दोन्ही द्रव्ये घटतात.

फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे प्रारंभी थोडेच वापरावेत. अचानक घट झाल्यास प्रवाळांना धक्का बसतो. खडकांत साठलेले फॉस्फेट हळूहळू पाण्यात उतरत असल्याने आकडा पुन्हा चढू शकतो. व्हिनेगर घालून जिवाणू वाढविण्याची पद्धत नवशिक्यांनी टाळावी. हे जिवाणू प्राणवायू वापरतात. अशा वेळी वीज गेल्यास मासे दगावू शकतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रत्येक टाकीजवळ असावा.

दोन्ही आकडे शून्य असतील, तर खाद्य थोडे वाढवावे आणि शोषक दाणे काढून घ्यावेत.

कायदा काय सांगतो?

आपल्या समुद्रातील खडक बांधणारे प्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणसारख्या किनाऱ्यावरून असे प्रवाळ तोडून आणणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. परदेशी प्रवाळ घेताना आयातीची कागदपत्रे पाहावीत व पावती जपून ठेवावी.

प्रत्येक चाचणीची तारीख, आकडे आणि केलेला बदल वहीत लिहावा. एका वेळी एकच बदल करून किमान आठवडाभर परिणाम पाहिल्यास नेमका कोणता उपाय लागू पडला, हे कळते.