क्षुद्र ताऱ्यांचें अदृश्य तेज

नुसत्या डोळ्यांनीं ताऱ्यांची गणना करणाऱ्याच्या हातून मोठाच अन्याय घडतो. आपल्या आकाशगंगेंतील दर चार ताऱ्यांपैकीं सुमारें तीन तारे तांबूस, लहान व थंड जातीचे आहेत. परंतु दुर्बिणीवांचून ते दिसतच नाहींत. त्यांच्या पृष्ठाचें उष्णतामान ३००० अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या निम्म्याएवढें. इतक्या थंड गोलापासून जंबुपार किरण नाममात्र निघावे आणि क्ष-किरण तर मुळींच निघूं नयेत, असा पदार्थविज्ञानाचा सरळ हिशेब. तो चुकला कसा, हें पाहण्यासारखें आहे.

१९२४ सालीं हर्ट्झस्प्रुंग यांना असाच एक अंधुक तारा क्षणभर भडकलेला आढळला. त्यावर एखादा लघुग्रह कोसळला असावा, असा त्यांनीं तर्क केला. आज आपणांस हंसूं येईल. पण थंड ताऱ्याच्या अंगीं एवढें बळ असेल, हें तेव्हां कोणास सुचावें? पुढें १९४८ सालीं तिमिंगल तारकापुंजांतील एक जोडतारा लॉयटन यांनीं उजेडांत आणला. त्याच वर्षीं माउंट विल्सन येथें जॉय व ह्यूमेसन त्याचा वर्णपट टिपीत असतां तो एकाएकीं भडकला. १९५२ सालीं तर हाच तारा २० सेकंदांत सुमारें ७५ पट तेजस्वी झाला! आतां लघुग्रहावर भागण्यासारखें नव्हतें.

किल्ली सांपडली ती आपल्या सूर्यापाशींच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणांत पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. या वर्णपटांतील हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशीं जुळत नसल्यानें शास्त्रज्ञांनीं ‘कोरोनियम’ नांवाचें नवें द्रव्यच कल्पिलें होतें. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या एड्लेन यांनीं दाखविलें कीं, ती रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. आणि लोखंडाची अशी दशा होण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता हवी. अंग ६००० अंशांचें आणि पांघरूण त्याच्या शेंकडों पट तप्त! अशा वायूंतून क्ष-किरण निघणारच.

हें सारें चुंबकत्वाचें कर्तृत्व. लहान ताऱ्याच्या पोटांत वायूचें मंथन खोलवर चालतें. त्यांत तो वेगानें फिरत असला कीं, चुंबकरेषांचा गुंता होतो, तुटतो आणि वरच्या वायूस तापवितो. १९७४-७५ मध्यें डच उपग्रहानें तिमिंगलांतील त्याच ताऱ्याच्या भडक्यांतून क्ष-किरण टिपले. १९७८ मध्यें सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेनें तर असे तारे सर्रास क्ष-किरण फेंकतात हें सिद्ध केलें. सूर्याच्या एकंदर तेजांत क्ष-किरणांचा वांटा दशलक्षांश. चपळ तांबड्या ताऱ्यांत तो सहस्रांशापर्यंत जातो.

हा केवळ पंडितांचा विषय राहिला नाहीं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हा याच जातीचा, आणि २०१६ सालीं त्याच्याभोंवतीं ११ दिवसांत प्रदक्षिणा करणारा एक ग्रह सांपडला. पाणी द्रवरूप राहील इतकीच ऊब तेथें पोंचते. पण क्ष-किरण मात्र पृथ्वीवर पडतात त्याच्या शेंकडों पट. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहानेंही या ताऱ्याचे वेध घेतले. त्यावरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सिद्ध झाली आहे. १ मे २०१९ रोजीं प्रॉक्झिमाच्या एका भडक्यांत जंबुपार किरण कांहीं सेकंदांत १४,००० पट वाढले. असा मारा अब्जावधि वर्षें सोसलेल्या त्या ग्रहावर वातावरणाचा लवलेश तरी उरला आहे कीं नाहीं, याचा शोध अद्याप चालूच आहे.