‘व्हेज’ या शब्दाची जन्मकथा



इंग्रजीतले काही शब्द आपल्या घरात इतके रुळले आहेत की ते परके वाटतच नाहीत. ‘व्हेज’ हा त्यातलाच एक. मुलांच्या डब्यापासून लग्नाच्या केटररपर्यंत सगळीकडे आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, “व्हेज आहे ना?” समोरून “हो” आलं की आपण निश्चिंत होतो. हा शब्द कुठून आला आणि तो घडवणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे मात्र आपण फारसं पाहत नाही. ते पाहिलं की कळतं, या शब्दावर किती भार टाकायचा आणि कुठे थांबायचं.

‘व्हेज’ म्हणजे ‘व्हेजिटेरियन’चा तुकडा, आणि त्याच्या मागे ‘व्हेजिटेबल’ हा जुना शब्द. ‘व्हेजिटेबल’चं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘वेगेटुस’ म्हणजे जिवंत, चैतन्याने भरलेला. ‘वेगेटारे’ म्हणजे चेतना देणं. जागरण आणि जोम यांसाठी इंग्रजीत ‘व्हिजिल’ आणि ‘व्हिगर’ असे शब्द आहेत, तेही याच कुळातले. इंग्रजीत ‘व्हेजिटेबल’ पंधराव्या शतकात आला, तेव्हा त्याचा अर्थ भाजी नव्हता. जे रोपासारखं जगतं आणि वाढतं, ते ‘व्हेजिटेबल’. पुढे कोणत्याही वनस्पतीला तो शब्द लागू लागला. बाजारात मिळते ती भाजी हा अर्थ रूढ झाला तो थेट अठराव्या शतकात.

म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ ‘सजीव’ असा होता, तो हळूहळू टोपलीतल्या वस्तूचं नाव झाला. इतकंच नाही, तर ‘व्हेजिटेट’ म्हणजे नुसतं पडून राहणं, काही न करता दिवस ढकलणं, असाही अर्थ इंग्रजीत आला. रुग्ण बेशुद्धीसारख्या अवस्थेत अडकला की डॉक्टरही ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हणतात. चैतन्याचा शब्द जडपणाचा झाला!

इथे आपल्याला आपलं तत्त्वज्ञान आठवल्याशिवाय राहत नाही. ॲरिस्टॉटलने वनस्पतीला आत्मा मानला खरा, पण फक्त पोषण आणि वाढ करणारा. तिला संवेदना असते, असं त्याने मानलं नाही. आपल्याकडे वनस्पतिकाय जीव एकेंद्रिय आहे, त्याला स्पर्शाची जाणीव आहे. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात माणसाचं शरीर आणि वनस्पती यांची तुलना येते. दोघंही जन्मतात, वाढतात, आहार घेतात, तोडलं की कोमेजतात. त्यातही प्रत्येक वनस्पती आणि साधारण वनस्पती असा भेद आपण केला. साधारण वनस्पतीच्या एकाच शरीरात अनंत जीव मानले, आणि म्हणून कंदमूळ वर्ज्य ठरलं. लॅटिन शब्दाने जे सांगितलं आणि इंग्रजीने विसरलं, ते आपल्या आजी-पणजींनी भाजी निवडताना रोज पाळलं.

आता ‘व्हेजिटेरियन’कडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये मांस न खाणाऱ्याला पायथागोरसच्या पंथाचा म्हणत, कारण तो ग्रीक तत्त्वज्ञ मांसाहार टाळायला सांगे अशी ख्याती होती. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द प्रचारात आला 1840 नंतरच्या दशकात. 30 सप्टेंबर 1847 रोजी रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली आणि शब्द पक्का झाला. त्यात पुढाकार होता लंडनजवळच्या अल्कॉट हाउस या शाळेच्या मंडळींचा आणि सॅलफर्डच्या बायबल ख्रिश्चन चर्चच्या अनुयायांचा. हे चर्च 1809 मध्ये विल्यम काउहर्ड नावाच्या धर्मगुरूने सुरू केलं होतं, आणि त्याच्या अनुयायांना मांस आणि दारू दोन्ही वर्ज्य होती. योगायोग असा की ‘काउहर्ड’ म्हणजे गुराखी!

या लोकांचं मन मोठं होतं. सभोवतीचा सारा समाज मांस खात असताना त्यांनी थट्टा सोसून ते सोडलं. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द भाजीवरून नव्हे, तर ‘वेगेटुस’ म्हणजे चैतन्यमय यावरून आला, असंही त्यांच्यातले काही जण पुढे सांगू लागले. भाषातज्ज्ञ मात्र तो सरळ ‘व्हेजिटेबल’वरूनच बनला असं मानतात. पण सोसायटीने मांस वर्ज्य केलं तरी अंडी आणि दूध चालत होतं. म्हणजे इंग्रजी ‘व्हेजिटेरियन’च्या ताटात अंडं पहिल्यापासून आहे. तिकडे गेलेल्या आपल्या मुलींना केकमध्ये अंडं सापडतं, तेव्हा दुकानदार खोटं बोललेला नसतो. त्याच्या भाषेत तो खरंच बोलतो.

हीच अडचण गांधीजींपुढे आली होती. 1888 मध्ये ते विलायतेला निघाले, तेव्हा आई पुतळीबाईंचं मन धजत नव्हतं. तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मग आईने परवानगी दिली. लंडनला गेल्यावर त्यांना मांसाच्या तीन व्याख्या ऐकायला मिळाल्या. काहींच्या मते पशुपक्ष्यांचं मांस तेवढं मांस, मासे आणि अंडी चालतील. काहींच्या मते मासेही मांसच, पण अंडी चालतील. आणि काहींच्या मते प्राण्यापासून मिळणारं सगळंच, अगदी दूधसुद्धा, त्यात धरलं पाहिजे. पहिली व्याख्या घेतली असती तर अंडीच काय, मासेही खाता आले असते. त्यांनी थोडे दिवस अंडी खाल्लीही. पण मग विचार केला, की प्रतिज्ञा आईसमोर घेतली आहे, तर तिला जो अर्थ अभिप्रेत होता तोच आपल्याला बांधील. आईच्या लेखी अंडं मांसातच येत होतं. त्यांनी अंडी सोडली. मग व्हेजिटेरियन खाणावळीतही प्रत्येक पुडिंग-केकबद्दल ‘यात अंडं आहे का’ असं विचारावं लागे आणि कितीतरी आवडीचे पदार्थ सुटले, हे त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे.

मला या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. व्रताचा अर्थ मात्र ते ज्यांच्यासमोर घेतलं त्यांच्याकडून घ्यायचा असतो.

आपल्या देशात आहाराला नावं पडली तीसुद्धा अशीच, पाळणाऱ्या माणसांवरून. तमिळमध्ये शाकाहाराला ‘सैवम्’ म्हणतात, म्हणजे शैवांचं जेवण. आणि गोव्यात म्हणतात ‘शिवराक’. हा शब्द ‘श्रावक’वरून आला असं मानतात. म्हणजे इंग्रजांनी ताटात काय आहे ते पाहून नाव दिलं, तर कोकणी माणसाने जेवणारा कोण आहे ते पाहून.

पुढे इंग्रजांनाही जुना शब्द अपुरा वाटू लागला. नोव्हेंबर 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून ‘व्हीगन’ शब्द केला. त्यात अंडी, दूध, मध काहीच नाही. पण बटाटा, कांदा, लसूण, अळंबी सगळं चालतं.

आपल्याकडे 2001 पासून पाकिटांवर हिरवा ठिपका आला. आपल्या कायद्याने अंडं मांसाहारात धरलं, ही मोठीच सोय झाली. पण हिरवा ठिपका म्हणजे आपला आहार, असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत मध शाकाहारी आहे आणि लाखेच्या किड्यापासून मिळणारं शेलॅकही. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर त्याचा लेप असू शकतो. पाकिटावर ते ‘904’ या क्रमांकानेही लिहिलेलं असतं. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग दिगंबरांच्या अष्टमूलगुणांत सांगितला आहे, श्वेतांबर परंपरेतही मध महाविगईत मोडतो. ठिपक्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही.

विमान कंपन्यांनी मात्र आपल्यासाठी वेगळा संकेत ठेवला आहे, ‘व्हीजेएमएल’. जगाच्या भाषेत ‘व्हेजिटेरियन’ला ‘जैन’ जोडल्याशिवाय आपला अर्थ पुरा होत नाही, हे त्यांनीही ओळखलं.

म्हणून मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघाली की तिला “व्हेजच खा” एवढंच सांगू नका. अंडं आहे का, मध आहे का, जिलेटिन आहे का, कंदमूळ आहे का, हे नाव घेऊन विचारायला शिकवा. आणि का विचारायचं, तेही सांगा. नाहीतर आपला नियम तिला हॉटेलातल्या मेनूचा एक रकाना वाटेल.

‘व्हेज’च्या मुळाशी जागेपण आहे. आपल्याकडे त्याला यतना म्हणतात. शब्द विसरले तरी आपण विसरू नये.