सपाट माळ हवा

साल 1932. दिवाळी होऊन गेली आहे. पुस मॉथ विमानाच्या चिंचोळ्या बंद केबिनमध्ये तुम्ही एकटेच बसला आहात, मागे टपालाच्या थैल्या. 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी अशाच विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंटनं ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. ती फेरी सुखरूप पार पडली, तिला हात लावायचा नाही. बिघडवायचं आहे ते तुमचं, कल्पनेतलं उड्डाण.

नकाशावर जुहू ते बेल्लारी सरळ रेघ ओढा. सातारा उजवीकडे राहतो, रेघ वडूज-मायणीच्या अंगानं खानापूरकडे जाते. विमानात रेडिओ नाही. दिशा सांगायला होकायंत्र, आणि खाली ओळखीचा डोंगर नाहीतर नदी. उजव्या हाताला जरंडेश्वर मागे पडला, मायणीचा तलाव चकाकला आणि इंजिन खोकलं.

एकदा. मग सलग तीनदा.

हात आपसूक पेट्रोलच्या कॉककडे जातो. उघडाच आहे. मॅग्नेटो चालू. म्हणजे बहुधा पेट्रोलमध्ये पाणी. डब्यांतून टाकीत ओतताना ते चामड्यातून गाळायचं असतं, कुणीतरी घाई केली असावी. शेवटचा फटका देऊन पंखा आडवा थांबतो. आता फक्त वाऱ्याची शीळ.

दांडी मागे ओढून विमान वर धरावंसं वाटेल. ओढू नका. वेग गेला की पंख हवा सोडतात आणि विमान दगडासारखं पडतं. नाक खाली करा, घसरत चला. उंचीमापक पाच हजार फूट दाखवतोय, पण ते समुद्रापासूनचे. त्यातले दोन हजारांहून अधिक या पठारानंच खाल्लेत. हाताशी तीन-चार मिनिटं आहेत.

येरळाकाठची काळी रानं वरून गादीसारखी दिसतात. शाळूची पेर झालेली, भुसभुशीत. तिथं चाकं रुतली तर विमान नाकावर उभं राहून पालथं होईल. बागायत नको, विहिरी नकोत, बांध तर नकोतच. दुष्काळी म्हणून ज्याला सगळे नावं ठेवतात, तो पिवळ्या गवताचा कडक माळ शोधा. विट्याच्या अलीकडे एक दिसतो. गुऱ्हाळाचा धूर पश्चिमेला कललाय, म्हणजे वारा पूर्वेचा. तोंड पूर्वेला.

जरा उंचावरच आलात. पुस मॉथला त्यावर उपाय आहे: चाकांच्या पायांवरची पातळ आवरणं तरफेनं आडवी वळवता येतात, ती हवा अडवतात. तरफ ओढा. पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद, आपटलात तरी आग लागू नये म्हणून. शेळ्या उधळतात. चाकं टेकतात, उडतात, पुन्हा टेकतात. शेपूट खाली येतं. एका तालीच्या अलीकडे, अगदी वीतभर म्हणावं इतक्यावर, विमान थांबतं.

उतरताच पायमोज्यात कुसळं घुसतात.

माणसं कुठून येतात कोण जाणे. पाटील पुढे होऊन पोरांना दटावतात, “आरं, लांब व्हा! भडका उडंल!” ही आजच्या सांगली जिल्ह्याची जमीन, पण तो जिल्हा व्हायला अजून सतरा वर्षं आहेत. खानापूर तालुका साताऱ्यातच, आणि आसपास औंध संस्थानाची गावं विखुरलेली. किर्लोस्करवाडीसुद्धा औंधचीच. त्यामुळे इंग्रजी हद्दीत उतरलात की औंधच्या पंतप्रतिनिधींच्या, यावर तिथंच वाद सुरू होतो. त्यात पडू नका. टपाल आधी. पाटलांकडे गाडी मागा. रातोरात किर्लोस्करवाडी गाठली तर सकाळी मिरजेकडची रेल्वे मिळेल, आणि कारखान्यातला एखादा फिटरही.

गाडी जुंपली जाते. थैल्या चढतात. पाटील इंजिनाकडे निरखून बघतात.

“सायेब, ह्येला जोर किती म्हनायचा?”

“एकशे वीस घोड्यांचा.”

“आसूं द्या. बैलं दोन हायत, जात्याल.”