गावाचा तलाव पक्ष्यांसाठी राखीव होणार असेल तर: मासेमारी, चराई आणि हरकतीची मुदत

तुमच्या गावाजवळचा तलाव किंवा पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखीव करण्याचा प्रस्ताव आला की गावात दोन बाजू पडतात. काहींना वाटते, भराव आणि सांडपाणी थांबेल, पाणी टिकेल. मासेमारीचा ठेका जाईल, गुरे कुठे न्यायची, गाळपेर बंद होईल, अशी इतरांना भीती असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून ग्रामसभेत "हवे की नको" यावर मतदान करण्याआधी वन विभागाला विचारा: हा प्रस्ताव कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या प्रकारचा आहे? उत्तर लेखी मागा.

प्रकार कोणता, यावर काय ठरते?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र चराईवर सरसकट बंदी नाही, नियंत्रण असते. मान्य झालेला एखादा हक्क पुढे चालू ठेवण्याची परवानगी जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी चर्चा करून देऊ शकतात.

संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून घोषित होते. समुदाय राखीव क्षेत्र खासगी किंवा गावाच्या सामूहिक जमिनीवर असते आणि लोक स्वतः पुढे आले तरच होते. त्याच्या व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीने नेमलेले प्रतिनिधी असतात. या समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय तेथील जमिनीचा वापर बदलता येत नाही.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 हा वेगळा मार्ग आहे. त्यात अतिक्रमण, कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि नवे उद्योग यांना बंदी आहे. मासेमारीवर सरसकट बंदी नाही. कोणती कामे चालतील आणि कोणती नाहीत, हे त्या त्या जागेच्या अधिसूचनेत ठरते. भातशेती, तसेच खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव या नियमांत येत नाहीत.

दोन गावांकडचा अनुभव

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथील चराई बंद केली गेली. विरोध झाला, गोळीबार झाला, गावकरी मृत्युमुखी पडले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत माजले आणि पक्ष्यांना लागणारे उघडे पाणीच कमी झाले. म्हणजे बंदीने ना गावाचे भले झाले, ना पक्ष्यांचे.

पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात केशोपूर-मियानी हे 2007 मध्ये देशातील पहिले समुदाय राखीव क्षेत्र ठरले. तेथे मत्स्यतळी आहेत, कमळ आणि शिंगाड्याचे पीक घेतले जाते, आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही उतरतात. आज ते रामसर यादीतील स्थळ आहे. तुमच्या तलावाची जमीन पंचायतीची असेल, तर हा पर्याय ग्रामसभेत आवर्जून मांडावा. बहुतेक ठिकाणी तो सुचवलाच जात नाही.

मुदत चुकवू नका

अभयारण्याच्या प्रस्तावात जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात. जाहीरनाम्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत लेखी दावा द्यावा लागतो. 2017 च्या नियमांखाली मसुदा अधिसूचना निघाल्यावर हरकती व सूचनांसाठी 60 दिवस असतात. जाहीरनामा चावडीवर लागतो आणि कोणी वाचत नाही, असे पुष्कळदा होते. ग्रामसेवकाकडे दर आठवड्याला चौकशी करा.

दाव्यात तुम्ही काय करता, कधीपासून, कोणत्या महिन्यांत आणि तलावाच्या कोणत्या भागात, हे स्पष्ट लिहा. "आमचा पारंपरिक हक्क आहे" एवढ्याने भागत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका, गाळपेर भाडेपट्ट्याच्या पावत्या, जमिनीचा उतारा, ग्रामसभेचा ठराव, जे असेल ते जोडा. कागद नसेल तर शेजाऱ्यांचे जबाब जोडा. भरपाई हवी असेल तर रक्कम आणि तपशील दाव्यातच लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या.

2017 च्या नियमांखाली पाणथळ जागेचा संक्षिप्त दस्तऐवज तयार होतो. त्यात आधीपासूनचे हक्क आणि सवलती नोंदवायच्या असतात. तुमची मासेमारी त्या पानावर आहे का, हे मसुदा निघण्याआधीच पाहून घ्या.

जागा वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायदा, 2006 ही लागू होतो. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांना पाणवठ्यातील मासे आणि चराई यांवर सामूहिक हक्क मागता येतो. हा दावा ग्रामसभेकडे करायचा असतो.

मदत कुठे मिळेल?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना तीन महिन्यांचे साहाय्य आहे. सदस्याने 1,500 रुपये भरायचे, शासन 3,000 रुपये घालते. ही रक्कम म्हणजे गेलेल्या हक्काची भरपाई नव्हे. कोणी तसे सांगून दावा मागे घ्यायला लावत असेल तर सही करू नका.

महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक 15100.