पिंपळे सौदागरचे ७२९ तुकडे

पिंपळे सौदागर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? टॉवर्स, मॉल, आणि हिंजवडीच्या वाटेवरचं ट्रॅफिक. तिथल्या शिवार चौकात मी कितीदा तरी अडकलोय, पण हे 'शिवार' कुठलं, असा प्रश्न कधी पडला नव्हता.

तर मंडळी, पवनेकाठचं हे गाव शेतीच्या इतिहासात चांगलंच प्रसिद्ध आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या एकाच गावाचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढलं. माणूस मूळचा रसायनशास्त्राचा, आधी चहाच्या मळ्यांसाठी काम केलेला. त्यामुळे असेल कदाचित, पण त्यांनी 'शेतकरी गरीब का?' यावर भाषण न ठोकता सरळ मोजायला घेतलं. (हे आपल्याला लगेच पटतं. आधी डेटा, मग मतं!)

जुन्या नोंदींवरून त्यांनी हिशेब मांडला. १७७१ साली गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरावर आली, १८२० ते ४० च्या दरम्यान १४ वर, आणि १९१४-१५ मध्ये फक्त ७ एकर. ती तरी सलग असावी? छे! १५६ खातेदारांचे मिळून ७२९ तुकडे. त्यातले ४६३ एक एकराच्या आतले, आणि ११२ तर पाव एकरापेक्षाही लहान, म्हणजे दहा गुंठेसुद्धा नाहीत. एवढ्याशा तुकड्यात विहीर कोण खोदणार आणि औत वळवणार तरी कुठे?

डिस्क फ्रॅगमेंट झाली की आपण रात्रभर डीफ्रॅग लावून झोपायचो. इथे ती सोय नाही. फ्रान्समध्येही नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने मुलांना सारखा वाटा मिळाला आणि शेतं अशीच चिंधड्या झाली. आपल्याकडे १९४७ साली मुंबई प्रांताचा तुकडेबंदीचा कायदा आला. तेव्हापासून खूप ठिकाणी सातबाऱ्यावर नावं एकत्र आणि शेतात बांध मात्र वेगळे.

पूर्वी वाटायचं की हा नुसता अडाणीपणा. चार भावांनी चार शेतं वाटून घ्यावीत की, प्रत्येक शेताचे चार तुकडे कशाला? पण आमच्याच घरचं बघा. तळेगावजवळ आजोबांची तीन रानं होती: ओढ्याकडेचं भातखाचर, मधलं मध्यम, आणि वरचा मुरमाड माळ. फक्त माळ ज्याच्या वाट्याला जाईल त्याने खायचं काय? म्हणून चौघांनी तिन्हींत चार-चार वाटे पाडले. बारा तुकडे. वाटणी अगदी न्यायाची झाली, आणि पुढे एकाचंही घर शेतीवर चाललं नाही. वडील कंपनीत लागले, म्हणून मी इंजिनिअर झालो.

आता त्या बाराचे पुन्हा वाटे व्हायचेत. तात्या येत्या रविवारी कागद घेऊन येणार आहेत. फोनवर म्हणाले, "अरे, तू काय शेती करणारेस? खाचरातलं सोड, माळावरचं सलग घे. रस्ता झाला की भाव येईल."

हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. मान साहेबांनीही बहुतेक सलगच घे म्हटलं असतं. पण घरात इंद्रायणी तांदूळ येतो तो त्या खाचरातला, वर्षाला दोन पोती का होईना. आईला अजून विचारलेलं नाही.